कारभारी, सावकार आणि हजार रुपये

आमच्या कन्हेरीत ‘कारभारी’ हा शब्द अजून वापरात आहे. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. ‘कारभारी रानात गेल्यात’ म्हणतात. भावकीत ज्याच्या शब्दाला मान, तो कारभारी. सोसायटी, कारखाना, पतसंस्था यांचा व्यवहार ज्यांच्या हाती, ते गावकारभारी. निवडणूक आली की गावच्या मारुतीपुढे नारळ फुटतो, तोही पुढची पाच वर्षे कारभारी कोण हे ठरवण्यासाठीच. पवार घराण्याच्या प्रचाराची सुरुवात या देवळातून करण्याची प्रथा असल्याने त्या चार दिवसांत कन्हेरीचे नाव वर्तमानपत्रांत झळकते, एरवी फारसे येत नाही.

मराठी पवित्र शास्त्रातही हाच शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात एका धनिकाचा व्यवहार सांभाळणारा जो माणूस येतो, त्याला भाषांतरकारांनी ‘कारभारी’ म्हटले. व्यवस्थापक, मॅनेजर, प्रशासक हे शब्द मराठीत रुळण्याच्या कितीतरी आधीचे हे शहाणे भाषांतर आहे.

या शब्दाकडे मी वळलो त्याचे निमित्त साधे. आमच्या आळीतल्या एका घरात बारावी झालेल्या मुलीला लवासाच्या ख्रिस्ती विद्यापीठात बीबीएला घालावे का, याची चर्चा चालली होती. घरातल्या आजीने विचारले, “तिथं बायबल शिकवत्यात का हिशेब?” सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. ख्रिस्ती संस्थांत धंद्याचे शास्त्र शिकवले जाते, तेव्हा त्यातले ‘ख्रिस्ती’ नेमके कुठे असते? प्रार्थनागृहात, संस्थेच्या बोधचिन्हात, की ताळेबंदात? मी व्यवस्थापनशास्त्राचा माणूस नाही. मजकूर वाचणे, त्यातले शब्द तपासणे हे माझे काम. म्हणून अभ्यासक्रमाच्या पुस्तिका बाजूला ठेवून मी येशूचे दाखलेच पुन्हा वाचले, आणि ते वाचताना नजर बारामती-इंदापूरच्या जमिनीवर ठेवली. या जमिनीवर ख्रिस्ती शाळांतून शिकून आलेल्या कारभाऱ्यांचे प्रयोग दोनशे वर्षे चालले आहेत.

पहिला दाखला मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला. धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसा सोपवतो. दोघे व्यापार करून तो दुप्पट करतात. तिसरा जमिनीत खड्डा खणून पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा आणून देतो. धनी दोघांना शाबासकी देतो, तिसऱ्याला हाकलतो. मूळ ग्रीकमध्ये या पैशाचे माप ‘तालान्तोन’ आहे. इंग्रजीत त्याचे ‘टॅलंट’ झाले, आणि या दाखल्यावर शतकानुशतके प्रवचने होऊन त्या शब्दाचा अर्थच पालटला. चांदीच्या वजनाचा शब्द अंगच्या गुणाचा झाला. आज कंपन्यांत ‘टॅलंट मॅनेजमेंट’ नावाचा विभाग असतो. त्या पाटीमागे मत्तयचा पंचविसावा अध्याय आहे, हे तिथे बसणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असेल.

मराठी भाषांतरकारांनी ही सोय होऊ दिली नाही. त्यांनी सरळ रुपये लिहिले: एकाला पाच हजार, एकाला दोन हजार, एकाला एक हजार. त्यामुळे मराठी वाचकाला हा दाखला ‘अंगच्या गुणांचा विकास करा’ असा वाचताच येत नाही. समोर रोकड आहे, ती कुणाची आहे हेही स्पष्ट आहे. पुढे धनी तिसऱ्या चाकराला दटावतो की निदान तो पैसा ठेव म्हणून ठेवायचा होता, म्हणजे व्याज तरी मिळाले असते. ठेवायचा कुणाकडे? इंग्रजी आवृत्त्यांत ‘बँकर’ आहे. मराठीत शब्द आहे ‘सावकार’.

हा शब्द बारामती तालुक्यात वाचणे आणि लंडनमध्ये वाचणे यांत फरक आहे. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. दख्खनचा दंगा म्हणून इतिहासात जे प्रकरण नोंदले गेले, त्याची ठिणगी इथे पडली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. लोकांना हवी होती ती खते, रोखे आणि वह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुधा प्रकरण तेवढ्यावर मिटले. जिथे दिले नाहीत, तिथे मोडतोड झाली. जिवाला धक्का लावण्यापेक्षा कागदाची होळी करण्यावर त्या जमावाचा रोख होता.

अशा मुलखात तिसऱ्या चाकराला आळशी म्हणणे जड जाते. आमच्याकडे धान्य पेवात ठेवत. जिरायत पट्ट्यात पाऊस कधी दगा देईल याचा नेम नसे, म्हणून जमिनीखाली ठेवलेले बी-बियाणे हीच खरी ठेव. खड्डा खणून पुरणारा माणूस इथे शहाणा ठरतो. शिवाय हा चाकर धन्याच्या तोंडावर एक गोष्ट बोलतो, ती बाकीचे दोघे बोलत नाहीत. तो म्हणतो की तुम्ही कठोर आहात, पेरले नाही तिथे कापणी करता. धनी हे नाकारत नाही, हेही लक्षात घ्यावे. विल्यम हर्झॉग या अभ्यासकाने १९९४ साली दाखल्यांवर जे पुस्तक लिहिले, त्यात हा तिसरा चाकरच कथेचा नायक ठरतो. शोषणाच्या व्यवहारातून पैसा बाहेर काढून ठेवणारा तो एकटाच. हे वाचन सर्वमान्य नाही आणि मलाही ते पूर्ण पटत नाही, कारण कथेची रचना धन्याकडे झुकलेली आहे. पण सुप्याच्या बाजारात उभे राहून वाचले तर त्या वाचनाला बळ येते, एवढे खरे.

सावकारापर्यंत शेतकरी का गेला, याचे उत्तर शोधू लागलो की आपण एका वेगळ्याच ख्रिस्ती विद्यालयात पोहोचतो. ते इंग्लंडमध्ये होते आणि एका कंपनीच्या मालकीचे होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली आपल्या भावी अंमलदारांसाठी कॉलेज काढले. १८०९ पासून ते हेलीबरी येथे होते. प्राचार्य धर्मोपदेशक, प्रार्थनेला हजेरी सक्तीची, आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक रेव्हरंड थॉमस रॉबर्ट माल्थस. लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळे जगाला माहीत असलेला हा पाद्री १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तिथे शिकवत होता. धंदेवाईक कंपनीने चालवलेली, धर्मोपदेशकांच्या देखरेखीखालची, मुलांना एका देशाचा कारभार शिकवणारी ही संस्था. व्यवस्थापन शिक्षणाचे इतिहास सहसा अमेरिकेतल्या व्हॉर्टनपासून, म्हणजे १८८१ पासून सुरू होतात. हेलीबरीला त्यात जागा मिळत नाही, आणि मला वाटते ती द्यायला हवी.

माल्थसच्या हाताखाली तयार झालेला एक हुशार विद्यार्थी म्हणजे रॉबर्ट कीथ प्रिंगल. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या जमिनीची पाहणी आणि आकारणी त्याच्याकडे आली. जमिनीच्या खंडाचा जो सिद्धान्त माल्थस आणि रिकार्डो यांनी मांडला होता, तो प्रिंगलने शेतात उतरवायचे ठरवले. एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च, मजुरी, बैलांचा चारा, बी, सगळे वजा करायचे. उरेल ते निव्वळ उत्पन्न. त्याचे शेकडा पंचावन्न सरकारचे. कागदावर यात खोट काढता येत नाही. उलट त्याआधीच्या मनमानीपेक्षा हे तत्त्व न्याय्यच होते. प्रिंगल लबाड नव्हता, निष्काळजीही नव्हता.

गफलत झाली ती ‘निव्वळ उत्पन्न’ या शब्दात. एका एकरातून सरासरी काय निघते, मशागतीला किती लागते, हे प्रत्येक प्रतीच्या जमिनीसाठी ठरवायला प्रचंड माहिती हवी होती. ती गोळा करणारे कनिष्ठ कारकून होते. त्यांना पैसे चारून जमिनीची प्रत बदलून घेता येई, आणि जो चारू शकत नसे त्याची हलकी जमीन भारी होऊन बसे. आकडे दशांशापर्यंत बिनचूक आणि पायाच खोटा. त्यात हंगाम वाईट गेले. इंदापूर तालुक्यात बाकी थकत गेली, वसुलीसाठी छळ झाला, जमिनी पडीक पडल्या, लोक गावे सोडून निघून गेले. अखेर १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू करावी लागली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून दिला, मातीची प्रत पाहून झेपेल असा दर बसवला आणि १८३६ पासून तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्याची पुढची रयतवारी मोजणी या इंदापूरच्या नमुन्यावर उभी राहिली.

तीस वर्षे संपली तेव्हा, १८६७ साली, फेरआकारणीची सुरुवातही इंदापुरातूनच झाली, आणि सारा एकदम मोठ्या प्रमाणात वाढला. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता. सावकारांनी हात आखडला. आठ वर्षांनी सुपे पेटले. हेलीबरीतल्या वर्गापासून सुप्याच्या बाजारापर्यंत सरळ रेघ ओढणे इतिहासाच्या दृष्टीने भाबडेपणाचे होईल. मधे चाळीस-पंचेचाळीस वर्षे आणि बरीच कारणे आहेत. पण व्यवस्थापनाच्या कुठल्याही विद्यार्थ्याने वाचावे असे हे प्रकरण आहे, आणि ते कन्हेरीपासून मोटारसायकलवर जाण्याच्या अंतरावर घडलेले आहे. हार्वर्डची केस स्टडी आपल्याकडे पैसे मोजून मागवली जाते. इंदापूरची फुकट आहे म्हणून कदाचित तिची किंमत नाही.

आता लूकचा कारभारी. त्याच्यावर धन्याची मालमत्ता उधळल्याचा आरोप आहे आणि त्याची नोकरी जाणार आहे. तो विचार करतो की खणायचे तर बळ नाही, भीक मागायची तर लाज वाटते. मग तो धन्याच्या एकेका कुळाला बोलावतो. शंभर मापे तेल देणे असलेल्याला पन्नास लिहायला सांगतो, शंभर मापे गहू देणे असलेल्याला ऐंशी. नोकरी गेली तरी ही माणसे आपल्याला घरात घेतील, हा त्याचा हिशेब. आणि धनी चक्क त्याच्या चतुराईची तारीफ करतो.

या दाखल्याने भाष्यकारांना दोन हजार वर्षे घाम फोडला आहे. लबाडीची स्तुती येशू कसा करील? कुणी म्हणते, कारभाऱ्याने सोडले ते स्वतःचे कमिशन असावे. कुणी म्हणते, शास्त्राने निषिद्ध मानलेले व्याज मुद्दलात मिसळून लिहिलेले होते, ते त्याने वजा केले. हे दुसरे स्पष्टीकरण आपल्याला परके वाटायला नको. सुप्याच्या शेतकऱ्याची तक्रार नेमकी हीच होती: खतावर लिहिलेला आकडा आणि हातात पडलेली रक्कम यांचा मेळ नव्हता. दंगलीची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्याने न्यायाधीशाला अधिकार दिला की कागदावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे आणि खरे देणे किती ते ठरवावे. लूकच्या कारभाऱ्याने बेकायदा केलेले काम थोड्याफार प्रमाणात कायद्याच्या कक्षेत आले, असे म्हणता येईल. सुप्याच्या लोकांनी खते जाळली, कारभाऱ्याने ती नव्याने लिहवून घेतली. वाईन आणि चीज यांच्या उपमा देऊन प्रवचने करणारे लोक या दाखल्याकडे फिरकत नाहीत, ‘टॅलंट’कडे मात्र आनंदाने धावतात. व्यवस्थापनाच्या वर्गात जर एकच दाखला शिकवायचा असेल तर मी हा निवडीन, कारण यात कारभाऱ्याला पहिल्यांदा दिसते की वहीतल्या प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे. अर्थात त्याला ते दिसते नोकरी गेल्यावर.

ख्रिस्ती शाळा आणि धंदा यांचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आपण त्या नजरेने पाहतच नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे त्यांनी कंत्राटदारी केली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला. बांधकामाचा हिशेब, मजुरांची हजेरी, इंजिनिअर खात्यातली टक्केवारी हे सगळे त्यांनी जवळून पाहिले होते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या जमाखर्चाचा जो बारकावा आहे, तो नुसत्या सुधारकाचा नाही, व्यवहार केलेल्या माणसाचा आहे. मिशनच्या शाळेतून ते ख्रिस्ती होऊन निघाले नाहीत. पण धनी पेरत नाही आणि कापतो, हे मात्र त्यांनी पुरेपूर ओळखले होते.

कॅथलिक परंपरेत वळण येते १८९१ साली. पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्र काढले. त्यात मालमत्तेचा हक्क मान्य करूनही त्यांनी सांगितले की मजुरी केवळ दोघांच्या करारावर ठरत नाही, तिला मजुराच्या पोटाचा किमान आधार लागतो. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. ती मागताना रविवार हा खंडोबाचा वार आहे हे कारण पुढे आले, असे सांगतात. मालक ख्रिस्ती असोत वा नसोत, देवाचा वार कामगाराला लागला तो जेजुरीच्या वाटेने.

१८९१च्या त्या परंपरेतूनच भारतातले पहिल्या पिढीचे व्यवस्थापन विद्यालय जन्मले. जमशेदपूरला १९४९ साली फादर क्विन एनराइट या अमेरिकी जेझुइटाने झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट काढले. अहमदाबाद आणि कलकत्त्याची आयआयएम त्यानंतर बारा वर्षांनी, १९६१ साली आली. नावात काय आहे ते पाहावे: व्यवसाय नाही, व्यवस्थापनही नाही, कामगार आणि संबंध. पोलादाच्या कारखान्याशेजारी बसून मालक आणि मजूर यांच्यातला दुवा शिकवायचा, हा हेतू त्या चार शब्दांत उघड आहे. आज त्या संस्थेला सगळे ‘एक्सएलआरआय’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. मधला ‘एल’ लेबरचा, हे किती अर्जदारांना आठवत असेल याची मला शंका आहे. आद्याक्षरे ही विसरण्याची सभ्य रीत असते.

आमच्या आळीतल्या चर्चेत आलेले विद्यापीठ याहून वेगळ्या घराण्यातले. बंगळूरला १९६९ साली ख्राइस्ट कॉलेज स्थापन झाले ते कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट या केरळी संघातर्फे. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संघाचे संस्थापक कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) यांना २०१४ साली संतपद दिले गेले. त्यांच्या नावाशी जोडलेली एक प्रथा मला सर्वांत बोलकी वाटते: पिडियरी. घरातल्या बाईने रोजच्या शिजवणीतला मूठभर तांदूळ बाजूला काढायचा आणि त्यातून शाळेतल्या गरीब मुलांना दुपारचे जेवण द्यायचे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी हेच केले. त्याला मुष्टिफंड म्हणत. मन्नानम आणि सातारा यांच्यात काही पत्रव्यवहार नव्हता. गरिबाची शाळा चालवायची तर भांडवल मुठीने जमते, हे दोघांना आपापल्या चुलीपाशी कळले. भांडवल-उभारणीचे हे तंत्र व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात असते तर ‘क्राउडफंडिंग’ या शब्दाचे एवढे नवल वाटले नसते.

आमच्या भागातही ख्रिस्ती कारभाराची एक शांत परंपरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टचे मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळापासून बारामतीत होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे ‘कासा’ या प्रॉटेस्टंट चर्चांच्या मदतसंस्थेकडून कामाच्या मोबदल्यात धान्य आले आणि त्यावर जिरायत पट्ट्यात पाझर तलाव खणले गेले. मजुरी रोख नव्हती. गहू आणि तेल होते. लूकच्या दाखल्यातल्या वहीत हीच दोन नावे आहेत हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो. तिथे गहू-तेल कुळाने धन्याला द्यायचे होते, इथे ते धरणावर घाम गाळणाऱ्याच्या पदरात पडले. या कामांच्या अनुभवातून पुढे १९७१ साली अप्पासाहेब पवारांची कृषी विकास प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली. बारामतीच्या विकासाची जी कथा आज राजकीय सभांतून ऐकवली जाते, तिच्यात हा चर्चचा गहू कुठेतरी तळाशी आहे. धर्मांतराच्या आरोपांच्या गदारोळात त्याची आठवण काढणे कुणालाच सोयीचे नसावे.

आणि मग लवासा. लूकच्याच चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याची दोन ओळींची गोष्ट आहे: आधी बसून खर्चाचा अंदाज घेतला नाही तर पाया घालून काम अर्धे राहते आणि बघणारे हसतात. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी उभे राहू लागलेले हे शहर हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे स्वप्न. ती कंपनी १९२६ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. त्यांचेच वालचंदनगर इंदापूर तालुक्यात आहे. म्हणजे लवासा आम्हाला वाटते तितके परके नाही, ते एका अर्थाने आमच्याच घराण्यातले. २०१० साली पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने काम थांबले, आणि २०१८ साली कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ख्राइस्ट विद्यापीठाचे पुणे-लवासा संकुल याच शहरात, मुळशी तालुक्यातल्या दासवे गावाच्या हद्दीत आहे, आणि तिथे व्यवसाय-व्यवस्थापन शिकवले जाते. जगात दुसऱ्या कुठल्या व्यवस्थापन विद्यालयाच्या खिडकीतून इतकी मोठी केस स्टडी दिसत असेल असे वाटत नाही. ठेवीदार, बँका, घरे घेतलेले लोक, जमिनी गेलेले मूळ गावकरी, शासन, पर्यावरण: पाठ्यपुस्तकात ज्यांना ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात ते सगळे एका दरीत.

‘स्टेकहोल्डर’ला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘हितसंबंधी’ असा शब्द आहे. तो मला नासका वाटतो, कारण आपल्याकडे हितसंबंध म्हटले की आधी ‘गुंतलेले’ हा शब्द आठवतो. शेतीतला जुना शब्द होता वाटेकरी. व्यवस्थापनाची मराठी परिभाषा घडवणाऱ्यांनी कारभारी, वाटेकरी, कूळ, खंड, पेव, बाकी हे शब्द टाकून दिले, आणि त्यांच्या जागी संस्कृतातून कोरे करकरीत शब्द ओतले. ‘मनुष्यबळ विकास’ या शब्दात मनुष्य आहे पण तो बळाला जोडलेला आहे, बैलासारखा. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरकारांचे धैर्य इथे जाणवते. त्यांच्यातले अनेक परदेशी होते, मराठी त्यांची मायबोली नव्हती. तरी त्यांनी बाजारातला आणि चावडीवरचा शब्द उचलला. आमच्या विद्यापीठीय परिभाषा समित्यांना मातृभाषा असूनही ते जमले नाही.

मुलीला तिथे घालावे का, यावर मला कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तर मी घालावे असेच म्हटले असते. लेखाशास्त्र, विपणन, संघटनवर्तन कुठेही सारखेच शिकवतात. ख्रिस्ती ताळेबंद आणि हिंदू ताळेबंद असे दोन प्रकार नसतात. फरक पडू शकतो तो कोणते प्रकरण वर्गात आणले यात. दासव्यात बसून करण्यासारखे एक काम मला दिसते. वरसगावचे पाणी पानशेत आणि टेमघरच्या पाण्याबरोबर खडकवासल्याला येते. जोतीरावांनी माल पुरवला ते हेच खडकवासले. तिथून पुणे शहराची तहान भागवून उरलेले पाणी मुठेच्या उजव्या कालव्याने हवेली, दौंड करत इंदापूरला जाते. इंदापूर टेलला. आवर्तन सुटले की वरचे आधी भिजवतात, टेलचा शेतकरी रात्री चारीवर बसून राहतो, आणि पाणी येते तेव्हा आवर्तन संपलेले असते. दर उन्हाळ्यात यावरून रास्ता रोको होतो.

मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. कुणी पहाटे कामाला लागले, कुणी दुपारी, कुणी दिवस कलताना. संध्याकाळी मळ्याचा धनी कारभाऱ्याला सर्वांना सारखीच मजुरी द्यायला सांगतो, आणि वाटप शेवटी आलेल्यांपासून सुरू करायला सांगतो. पहिले कुरकुरतात. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा दाखला सर्वांत अडचणीचा, कारण कामगिरीनुसार मोबदला या तत्त्वाचे तो दिवसाढवळ्या वाटोळे करतो. वर्गात तो आणायला प्राध्यापकाला जिगर लागेल. पाटबंधारे खात्यात मात्र त्या क्रमाला नाव आहे. पाणी शेवटच्या चारीपासून द्यायला सुरुवात करायची आणि उलटे वर यायचे, याला तिथे ‘टेल टू हेड’ म्हणतात. नियम कागदावर आहे. इंदापूरच्या शेवटच्या चारीवरचा शेतकरी तो पाठ म्हणून दाखवतो.